घरातली शू, रस्त्यावरचं भुंकणं : श्वानपालकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेते आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक तक्रार आहे, ‘तो मुद्दाम करतो.’ कुत्रा कुणाचा सूड म्हणून काही करत नाही. ज्यातून काही पदरात पडतं ते तो पुन्हा करतो, ज्यातून पडत नाही ते हळूहळू सोडून देतो. म्हणून मी आधी एवढंच बघते, की या वागण्यातून त्याला मिळतंय काय?

आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. कोलशेतला सतराव्या मजल्यावर राहतो. खाली नेलं की नुसतं हुंदडतं आणि वर आल्यावर हॉलमध्ये शू करतं. सासूबाई म्हणतात, त्याचं नाक त्यात घासा, म्हणजे कळेल. घासावं का?

अजिबात नाही. नाक घासलं की पिल्लाला एकच गोष्ट कळते, माणसांच्या देखत शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि खाली नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. सासूबाईंशी शांतपणे बोला. दिवसभर घरात त्या असतील तर पिल्लू त्यांच्याकडूनच जास्त शिकणार आहे.

तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास धरू शकतं, तेही झोपेत. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा चुकवू नका. लिफ्टची वाट बघण्यातच त्याचा धीर सुटतो, म्हणून दारापासून खालपर्यंत उचलून न्या. रोज एकाच कोपऱ्यात थांबा. बोलू नका, खेळू नका. शू संपली रे संपली की तिथेच शाबासकी आणि खाऊ. वर येऊन दिलेला खाऊ त्याच्या लेखी लिफ्टमधून येण्याचा असतो, शूचा नव्हे.

आता तुमच्या पत्रातला खरा मुद्दा. पिल्लाने शू केली की बहुतेक जण लगेच त्याला वर आणतात. म्हणजे शू केली की मजा संपते, हे ते शिकतं आणि मग धरून ठेवतं. आधी शू, मग दहा मिनिटं हुंदडणं, असा क्रम लावा.

लसी पूर्ण झाल्या नसतील तर मात्र भटकी कुत्री वावरतात त्या जमिनीवर सोडू नका, पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजाराचा धोका असतो. तोवर बाल्कनीत गवताचा ट्रे ठेवा आणि पद्धत हीच वापरा. पण म्हणून त्याला घरात कोंडून ठेवू नका. तीन ते साधारण चौदा आठवडे या वयात पिल्लू जे निवांतपणे बघतं, त्याची पुढे भीती कमी वाटते. कडेवर घेऊन रिक्षा, छत्र्या, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, सगळं दाखवा. हॉलमधली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनेलचा वास आपल्या नाकाला फसवतो, त्याच्या नाही.

खारघरला रस्त्यावरून आणलेली इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, दोन वर्षांची. घरात गरीब गाय. बाहेर दुसरा कुत्रा दिसला की भुंकून, पट्टा ओढून रस्ता डोक्यावर घेते. एका ट्रेनरने चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी घालायला सांगितली, म्हणाला, ‘तुम्ही लीडर आहात हे तिला कळलं पाहिजे.’

चोक चेन घालू नका. समोर कुत्रा दिसला की गळा आवळला जातो, हे काही वेळा घडलं की ‘कुत्रा दिसणं म्हणजे दुखणं’ अशी गाठ तिच्या डोक्यात पक्की बसते. आणि ते लीडरचं प्रकरण बंदिस्त ठेवलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आलं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी ते १९४७ मध्ये मांडलं. हा विचार लोकांपर्यंत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात. तिथे गादीसाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. या कल्पनेपायी कुत्र्यांनी विनाकारण फार मार खाल्ला आहे.

तुमची कुत्री बहुधा घाबरते आहे. पट्ट्यामुळे तिला लांब जाता येत नाही, म्हणून ती भुंकते. भुंकल्यावर समोरचा निघून जातो किंवा तुम्ही तिला ओढून नेता. म्हणजे हवं होतं ते अंतर तिला भुंकूनच मिळालं. तर ते अंतर भुंकण्याआधीच द्या.

त्यासाठी तिच्याकडे बारकाईने बघायला हवं. भुंकण्याच्या आधी दोन-तीन सेकंद काय होतं? धापणारं तोंड मिटतं. कान पुढे ताठ होतात. वजन पुढच्या पायांवर येतं, शेपटी वर जाऊन थबकते. तोंड मिटलं की तुम्ही वळायचं. एरवी आवडीने खाणारी कुत्री उकडलेलं चिकन नाकारू लागली किंवा बोटं ओरबाडून घेऊ लागली, तर तुम्ही फार जवळ आला आहात. आणखी मागे जा. कुणाला चाळीस पावलं लागतात, कुणाला पूर्ण मैदान.

त्या अंतरावर सराव करा. आधी तिला कुत्रा दिसू दे, मग खाऊ. उलटं केलं तर खाऊची पिशवी निघाली की कुठून तरी कुत्रा येणार, असं तिला वाटू लागतं. कुत्रा दिसतोय तोवर एकेक तुकडा देत राहा, तो नजरेआड झाला की बंद. असं रोज केलं तर एक दिवस ती कुत्र्याकडे बघेल आणि आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी तिला मूठभर द्या. इथून पुढे अंतर थोडं थोडं कमी करता येतं. महिने लागू शकतात, पण तिची भीती खरोखर कमी होते.

तुमच्याकडे सेक्टरागणिक भटक्या कुत्र्यांची टोळी आणि तिची हद्द ठरलेली असते. त्यांना कुठे, किती वाजता खायला घालतात ते बघून ठेवा आणि ती वेळ टाळा. पार्क केलेल्या गाड्यांचा आडोसा घ्या. छातीवर वाय आकार येणारा हार्नेस आणि दोन मीटरचा साधा पट्टा पुरे. कुत्री अंगावर येतायत असं वाटलं तर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर फेका आणि न धावता निघा.

आमच्याकडे अंडंही येत नाही. बक्षीस म्हणून काय द्यावं? बिस्किटं चालतील? (नेरूळ)

बिस्किटं नकोत, नुसता मैदा आणि साखर. पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, बिया काढलेलं सफरचंद द्या. दिवसभराच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊतून जाऊ देऊ नका. द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेले शुगर-फ्री पदार्थ विषारी आहेत. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, प्रसाद म्हणून कुत्र्याला देऊ नका. शिवाय दार उघडणं, झाडाशी थांबून मनसोक्त हुंगू देणं, हेही बक्षीसच आहे.

ऐरोलीला राहतो. मुलगा पाच वर्षांचा. कुत्रा जेवत असताना तो जवळ गेला की गुरगुरायचा. मिस्टरांनी दोनदा फटका दिला, आता गुरगुरत नाही. तरी मला धास्ती वाटते.

तुमची धास्ती रास्त आहे. गुरगुरणं म्हणजे ‘मला भीती वाटते, थांब’ अशी सूचना. फटक्याने सूचना बंद झाली, भीती तशीच राहिली. असा कुत्रा पुढच्या वेळी थेट चावू शकतो. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

आजपासून कुत्र्याचं जेवण बंद दाराआड. हा सराव मुलाचं काम नाही, मोठ्यांनीच करायचा. कुत्रा निवांत खात असेल इतक्या लांबून जा, वाटीच्या दिशेने वाटीतल्याहून चांगलं काही टाका आणि निघून जा. माणूस आला की वाढतं, जात नाही, हे त्याला पटू दे. अंतर दिवसांमागून दिवस कमी करा. घाईघाईने गिळणं, अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, यांपैकी काही दिसलं तर मागे या. वाटीत हात घालून ‘सवय लावू’ नका. चप्पल पळवली तर खेचू नका, खाऊ देऊन बदल्यात घ्या.

आधी व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, दात आणि कान तपासून घ्या, दुखत असलं की कुत्री चिडचिडी होतात. तो एकदा जरी चावायला धावला असेल तर वर्तनाचा अनुभव असलेल्या व्हेटला घरी बोलवा. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कुत्र्याच्या लसी झालेल्या असल्या तरी.

नौपाड्यात गणपतीचे ढोल आणि मग दिवाळी. कुत्रा पलंगाखाली थरथरत बसतो. कुशीत घेतलं तर भीती वाढते म्हणतात, खरं का?

खरं नाही. जवळ येत असेल तर खुशाल घ्या. भीती ही भावना आहे, जवळ घेतल्याने तिला बक्षीस मिळत नाही. पलंगाखालीच बरं वाटत असेल तर ओढून काढू नका, तिथेच गोधडी टाका. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आतली खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, पंखा आणि टीव्ही चालू, इतकं तरी करा. फिरणं अंधार पडण्याआधी उरका. त्या दिवसांत गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला, गळ्यात मोबाइल नंबरचा बिल्ला असू दे. बिथरलेला कुत्रा पट्टा सोडवून पळतो.

सराव मात्र आवाज सुरू होण्याच्या कितीतरी आधी हवा. फटाक्यांचं रेकॉर्डिंग त्याचा कानही हलणार नाही इतक्या बारीक आवाजात लावा, आवाज झाला की लगेच पनीर. खाणं थांबवलं तर आवाज कमी करा. भीती फार असेल तर दिवाळीच्या महिनाभर आधी व्हेटला भेटा, भीती कमी करणारी औषधं मिळतात. घरातली झोपेची गोळी परस्पर देऊ नका. औषध ठरलं तर व्हेटला विचारून एक डोस शांत दिवशी देऊन बघा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्रेचा गोंधळ होणार नाही.