बागवान: बाग राखणारा की फळं विकणारा?

ठाण्यातल्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. तिच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. ती जांभळी नाक्याला निघाली की सांगतात, "बागवानाकडनं चिक्कू आण गं." हिंदीत बागबान म्हणजे तर माळी. मग सासूबाईंचं चुकतं का?

अजिबात नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात बागवान म्हणजे फळं-भाजी विकणारा. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आलेल्या मुसलमान समाजाचं ते नाव, आणि आडनावही.

शब्द फारसी. 'बाग' तिकडूनच आली आणि पुढचा 'बान' म्हणजे राखणारा. त्याचंच दुसरं रूप 'वान', मराठीत तेच रुळलं. इथे बरेच जण फसतात. धनवान, गुणवान यांतला 'वान' संस्कृत आहे, 'जवळ असलेला' या अर्थाचा. त्या हिशेबाने बागवान म्हणजे बागेचा मालक ठरेल, आणि तो तसा कधीच नव्हता. त्याचा सख्खा भाऊ दरवान, दार राखणारा. मेहेरबानातही हाच बान. याचं मूळ जुन्या इराणी भाषेतल्या 'पा' धातूत, अर्थ राखणे. संस्कृतातही हाच 'पा' आहे, गोप आणि नृप या शब्दांत. म्हणजे फारसी दरवान आणि संस्कृत द्वारप हे दोन्ही तुकड्यांनी एकमेकांचे भाऊबंद! मला हा शब्द इतका आवडतो तो यासाठीच.

मग राखणारा विकणारा कसा झाला? मला वाटतं, उत्तर धंद्याच्या रीतीत आहे. मोहोर बघून आंब्याची अख्खी बाग ठरीव रकमेला घ्यायची, राखायची, फळ उतरवायचं, पेंढ्यात अढी घालायची आणि पिकेल तसं टोपलीत भरून बाजारात बसायचं. हे सगळं एकच घर करणार, पण गिऱ्हाइकाला दिसते ती फक्त टोपली. माळी हा शब्दही असाच सरकत आलाय. संस्कृत 'मालिन्' म्हणजे माळा करणारा. आपला माळी फुलझाडं लावतो, भाजीपालाही पिकवतो.

ठाण्यात कुणाही विक्रेत्याला बागवान म्हणावं का, असंही तिने विचारलंय. मी फळवालाच म्हणेन, कारण इथे बागवान म्हटलं की लोकांना आडनाव वाटतं. सासूबाईंना मात्र दुरुस्त करू नये. त्यांच्या गावी तोच शब्द बरोबर आहे.