कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे हो

प्रश्न असा आलाय: "युरोप टूरवर गाईड म्हणाला, गॉथिक स्टाईलचं मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल. बरोबर आहे का? मराठीत काय म्हणायचं?"

नाही, चूक आहे, आणि हे ऐकून ऐकून कान किटलेत. उंच मनोरा दिसला की आपली मंडळी कॅथेड्रल म्हणून मोकळी. जर्मनीतल्या उल्मच्या चर्चचं शिखर १६१.५ मीटर, १८९० साली पूर्ण झालं, पुढे शंभरावर वर्षं जगातलं सगळ्यात उंच चर्च तेच, पण ते कॅथेड्रल कधीच नव्हतं. कारण तिथे बिशपची, म्हणजे एका प्रांतातल्या चर्चांच्या मुख्य धर्मगुरूची, खुर्ची नाही.

खुर्ची, बस्स, एवढाच फरक. ग्रीक 'कथेद्रा' म्हणजे बसायचं आसन, त्यातलं 'हेद्रा' म्हणजे बैठक. आता खरी मजा बघा, ग्रीकमधे शब्दाच्या सुरुवातीच्या स चा ह होतो, आपलं सप्त ते तिकडे हेप्ता, तसं हे हेद्रा म्हणजे आपल्या 'सद्' धातूचंच भावंड. म्हणजे सदन, संसद, परिषद, उपनिषद, सगळी कॅथेड्रलची चुलत घराणी! पक्ष्याचं नीडसुद्धा त्यातलंच. लॅटिनमधे त्याच मुळाचं 'सेदेस', त्याचं पोर्तुगीजमधे झालं 'से', म्हणून जुन्या गोव्यात १५६२ ला काम सुरू झालेलं 'से कॅथेड्रल' हे नाव म्हणजे बैठकीवर बैठक. आणि पोर्तुगीज 'कादेइरा', साधी घरातली खुर्ची, तीही कथेद्राचीच लेक, कोकणीत तिचं झालं 'कदेल'.

माझं तर म्हणणं आहे की या खुर्चीनेच इमारत घडवली. रोमन लोकांची बॅसिलिका हा देवाधर्माचा प्रकारच नव्हता, कोर्टकचेरी आणि व्यापाराचा लांबलचक हॉल तो, टोकाला बऱ्याचदा अर्धगोल कोनाडा, तिथे न्यायाधीश बसायचा. चौथ्या शतकात ख्रिश्चनांनी तो नकाशा उचलला आणि न्यायाधीशाच्या जागी बिशप बसला. व्हेनिसजवळ तोर्चेल्लोला अजून दिसतं, अर्धगोलात पाद्र्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बाकं, मधोमध चढता जिना आणि वर बिशपचं आसन. पुढचा रोमनेस्क आणि गॉथिक, म्हणजे आधी गोल आणि मग टोकदार कमानींचा, सगळा थाट त्या कोनाड्याभोवती वाढला. जाणकार म्हणतात की छे, महत्त्व वेदीचं, म्हणजे पूजाविधीच्या मेजाचं, खुर्ची तर पुढे बाजूला सरकली. सरकली ना, पण इमारतीला नाव कोणाचं राहिलं? वेदीचं का नाही राहिलं, याचं उत्तर हे लोक देत नाहीत.

गॉथिक म्हणजे कॅथेड्रल म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. गॉथिकचा जन्म जिथे झाला असं मानतात ते पॅरिसजवळचं सॅं-दनी, तिथला ११४४ चा पूर्वेकडचा भाग बांधवून घेतला सूजे नावाच्या मठाधिपतीने, बिशपने नाही. मठाचं चर्च ते. कॅथेड्रलचा दर्जा मिळाला १९६६ ला!

मराठीत? कोशवाले 'मुख्य चर्च' देतात ते चालेल, 'भव्य चर्च' लिहितात ते साफ चूक. मी 'गादीचं चर्च' म्हणतो, लोक हसतात, हसू देत. शंकराचार्यांची गादी म्हणताना कापूस कोणाच्या मनात येतो?

आणि त्या गाईडला विचारा, रोमचं कॅथेड्रल कुठलं. व्हॅटिकनचं सेंट पीटर्स म्हणाला तर समजा की गेले पैसे, रोमचा बिशप म्हणून पोपची गादी आहे रोममधल्याच लॅटरनच्या सेंट जॉन चर्चला.