टाकी बदलायची की भांडंही?

प्रश्न : फोंड्यातलं आमचं घर चिऱ्यांचं, जुनं. कमोडची टाकी एका वेळी १० लिटर पाणी सोडते. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. नुसती टाकी काढून दोन बटणांची लावली तर चालेल?

उत्तर : कृपया तसं करू नका. जुन्या भांड्याचं वळण १० लिटरच्या लोंढ्यासाठीच घडवलेलं असतं. नव्या टाकीचं मोठं बटण ६ लिटरच सोडतं; तेवढ्याने मैला त्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, अडकतो, मग घरातला प्रत्येकजण दोनदा बटण दाबतो आणि १२ लिटर जातात. भांडं आणि ३/६ लिटरची टाकी (लहान बटणाला ३, मोठ्याला ६), दोन्ही जोडीनेच घ्या. चार माणसं दिवसाला वीस वेळा फ्लश करतात असं धरा, म्हणजे आज २०० लिटर. चार वेळा मोठं बटण, सोळा वेळा लहान, तर ७२. सेप्टिक टँकवरचा भारही तेवढाच उतरतो, आणि पावसाळ्यात भूजल वर आल्यावर शोषखड्डा तुंबतो तेव्हा हे फार मोलाचं ठरतं.

दुकानात जाण्याआधी माप घ्या. चुका बहुतेक इथेच होतात. कमोडचा मैला नेणारा पाइप जमिनीत जात असेल तर तो एस ट्रॅप : टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत मोजा. बाजारात साधारण ४, ९ आणि १२ इंची मिळतात. भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप, त्याची उंची जमिनीपासून मोजा, बहुधा सात इंचांच्या आसपास भरते. नव्या टाइल लावणार असाल तर त्यांची जाडी धरायला विसरू नका.

जुन्या पाइपच्या तोंडावरचं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, चिनीमातीचा पाइप लगेच तडकतो. जोडाला रबरी पॅन कनेक्टर वापरा. भांड्याखाली सिमेंट भरू देऊ नका : भांडं तडकू शकतं, आणि पुढे काढायचं झालं तर फोडावंच लागतं. बोल्ट आणि सिलिकॉन पुरे, सिलिकॉनमध्ये मागच्या बाजूला बोटभर फट सोडा म्हणजे गळती लगेच दिसेल. भिंतीवर टांगायचं कमोड घेऊ नका. चिरा भुसभुशीत, बोल्ट धरत नाही.

शेवटी ओल्या कागदाचे बोळे टाकून फ्लश करा आणि चेंबर उघडून बघा. बोळे वाटेत थांबले तर पाइपचा उतार कमी आहे, ४० फुटांना किमान एक फूट हवा.

प्रश्न : तोवर टाकीत वीट ठेवू का?

उत्तर : नको, वीट झिजून तिचा चुरा टाकीच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या वॉशरखाली बसतो. त्यापेक्षा टाकी गळते का ते बघा : टाकीत खायचा रंग घाला, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदला.