नाताळसाठी घरच्या घरी मण्यांची सजावट करायची आहे. सुरुवात कुठून करू आणि सामान काय आणू?

घरात चार फुटी प्लास्टिकचं झाड आहे, यंदा त्यावर स्वतः केलेल्या मण्यांच्या वस्तू लावायच्या आहेत आणि मणीकामाला आधी कधी हात लावलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तर पहिली गोष्ट, आधी मणी घेऊ नका. आधी तार आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, घ्या. मग त्या तारेचा बोटभर तुकडा पर्समध्ये टाकून मण्यांच्या दुकानात जा. मणी आवडला की भोकातून तार घालून बघायची. जात नसेल तर मणी कितीही देखणा असला तरी परत ठेवायचा. दुकानदार थोडा वैतागतो, वैतागू दे.

दुकानात तारेचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, सांगतात, पण गेजची मापं दोन-तीन प्रकारची असतात, म्हणून मिलीमीटरमध्येच विचारा. चांदणीच्या सांगाड्याला ०.८ मिमी तार पुरते. बांधायला ०.३ मिमी. अकरा नंबरचा बारीक मणी, म्हणजे साधारण २ मिमीचा, ०.८ च्या तारेत भरवशाने जात नाही. आठ नंबरचा, साधारण ३ मिमीचा, जातो. बांधायची बारीक तार क्राफ्टच्या दुकानात महाग पडते. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे इनॅमलची तांब्याची तार मिळते, ती मऊ असते, गंजत नाही आणि सोनेरी-तपकिरी दिसते. सांगाड्याला मात्र तांबं फार मऊ, तिथे पितळ घ्या. मी वसईची आहे. आमच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार एका पावसाळ्यात गंजते आणि तो गंज पांढऱ्या मोत्यांवर उतरतो. तुम्ही समुद्रापासून लांब राहत असाल तर एवढी काळजी नको.

दुसरा विचार वजनाचा. आमच्याकडे झाड म्हणून सुरूची फांदी लावायची पद्धत आहे. सुरूची पानं वाटतात त्या काड्या म्हणजे बारीक दोरेच, जरा जड काही टांगलं की फांदी लवते. प्लास्टिकच्या झाडाच्या आत तार असल्यामुळे ते बरंच सोसतं, पण टोकाच्या काड्या तिथेही वाकतातच. काचेचे भरीव मणी हातात घेतल्यावर वाटतात त्यापेक्षा जड असतात. उत्तर बोहेमियात, म्हणजे चेक देशाच्या डोंगराळ भागात, पोनिक्ला नावाचं गाव आहे. तिथे आजही काचेच्या फुंकलेल्या मण्यांपासून नाताळची सजावट हाताने बनते. काचेची नळी आचेवर तापवून साच्यात फुंकतात, मण्यांची अख्खी कांडी तयार होते. आतून तिला चांदीचा मुलामा देतात, रंगवतात, मग मणी कापून तारेत ओवतात आणि त्याच्या चांदण्या आणि इतर आकार करतात. २०२० मध्ये युनेस्कोने ही कला मानवी वारशाच्या यादीत घेतली. ते मणी आतून पोकळ, म्हणून एवढ्या मोठ्या चांदण्यासुद्धा हलक्या. आपल्याला तसे मणी सहज मिळत नाहीत. म्हणून मोठ्या वस्तूला अॅक्रिलिकचे मणी आणि छोट्या वस्तूला काचेचे, असं मी करते. अॅक्रिलिक घेताना मण्यावरची जोडाची रेघ बघा. रेघ ठळक असेल तर ते मणी लांबूनही स्वस्तातले दिसतात.

आता पहिली वस्तू, सहा हातांची चांदणी. सांगाड्याच्या तारेचे १२ सेंमीचे तीन तुकडे कापायचे, मध्यावर एकमेकांवर ठेवायचे आणि बारीक तारेने उलटसुलट चार-पाच वेढे घालून घट्ट बांधायचे. ६ सेंमीचे सहा हात तयार होतात. शेवटचा १ सेंमी कडीसाठी सोडला की ५ सेंमी मणी भरायला उरतात. आतून बाहेर ४ मिमीचा गोल मणी, १२ मिमीची नळी म्हणजे लांबट मणी, ८ चा गोल, ४ चा, पुन्हा १२ ची नळी, ६ चा, शेवटी ४ चा. बेरीज बरोबर ५० मिमी येते. पहिला मणी लहानच हवा. तिथे ८ मिमीचा घातला तर सहाही मणी एकमेकांना बाहेर ढकलतात आणि मधला तारांचा गुंता उघडा पडतो. नळ्यांचं भोक बारीक असतं, तिथे तर तार घालून बघायलाच हवी. टोकाला गोल तोंडाच्या पकडीने कडी वळवायची. हात इकडेतिकडे फिरत असतील तर ८ च्या मण्यापाशी प्रत्येक हाताला बारीक तारेचा एक वेढा देत गोल फिरा आणि दोन हातांच्या मध्ये तारेत बारीक मणी ओवत चला. चांदणी ताठ होते आणि आत एक सुंदर कडंही तयार होतं.

दुसरी वस्तू मला सगळ्यात आवडते ती, ३० मण्यांचा चेंडू. तुमच्या घरात आजीने किंवा मावशीने मण्यांचं तोरण केलं असेल तर हा चेंडू तिला दाखवा, ती बघूनच ओळखेल. वीण तीच, शेवटच्या मण्यातून तंगुसाची दोन्ही टोकं समोरासमोरून काढायची. फरक एवढाच की तोरणात चार मण्यांचं घर, म्हणजे एक बंद वेढा, असतं आणि ते सपाट राहतं, इथे पाच मण्यांचं घर करायचं आणि काम आपोआप गोल वळतं.

०.३ मिमीचं मीटरभर तंगूस घ्या, ८ मिमीचे एकसारखे गोल मणी घ्या. पाच मणी ओवून पाचव्यात टोकं आरपार, हे मधलं घर. आता चार नवे मणी घालून शेवटच्यात आरपार, की दुसरं घर झालं, कारण पाचवा मणी आधीचाच आहे. पुढे एक टोक मधल्या घराच्या शेजारच्या मण्यातून काढून तीन नवे मणी. असं तीनदा. मधल्या घराभोवतीच्या शेवटच्या घराला दोनच नवे मणी लागतात. इथे २० मणी संपले आणि हातात वाटी आली. वरच्या फेरीत पहिल्या घराला तीन नवे, मग तीन घरांना दोन-दोन आणि शेवटच्याला एक. झाले ३०. वर जे पाच मणी तोंडाशी दिसतात त्यांतून तंगूस फिरवून ओढलं की झाकण बंद. प्रत्येक घर झाल्यावर घट्ट ओढायचं, नाहीतर चेंडू ढेपाळतो. मोजायचा कंटाळा आला तर खूण बघा. जिथे तीन घरं भेटतात तिथे तीन मण्यांचा त्रिकोण दिसला पाहिजे. चार मणी दिसले तर मागे उलगडा. ८ च्या मण्यांचा चेंडू साडेतीन सेंमीच्या आसपास होतो, ६ च्या मण्यांचा अडीच. तंगुसाची गाठ सुटते, म्हणून दुहेरी गाठ मारून टोकं पुढच्या तीन-चार मण्यांतून फिरवून मगच कापा. टोक काडीने जाळू नका, प्लास्टिकचा मोती लगेच वितळतो.

लोलक तर बोलायलाही नको इतका सोपा. तारेच्या टोकाला कडी, खाली बारीक, वर मोठा अशा चढत्या क्रमाने मणी, वर पुन्हा कडी. तयार काचेच्या बॉलवर मण्यांची जाळी विणलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. ते काम पहिल्या वर्षी नको, त्यात बारीक मणी शेकड्यांनी लागतात आणि डोळे जातात. झाडाला गुंडाळायची माळही घरी करू नका. ८ मिमीच्या मण्यांची एक मीटर माळ म्हणजे १२५ मणी, आणि चार फुटी झाडाला आठ-दहा मीटर सहज लागतात. तेवढ्या वेळात तुमचे कितीतरी चेंडू होतील. माळ विकत आणा, किंवा घरातल्या तुटलेल्या गळ्यातल्यांचे मणी असतील तर तेवढ्यापुरती करा.

रंगाचं माझं मत ठाम आहे, दोन रंग आणि एक चांदी किंवा सोनं, बस. झाडावर दिव्यांची माळ असेल तर भोकाच्या आतून चांदीचा मुलामा असलेले मणी घ्या, दुकानात सिल्व्हर लाइन म्हणून मागा. ते दिवा पकडतात. नुसते पारदर्शक मणी संध्याकाळी हिरव्या झाडात दिसतच नाहीत, आणि मोती मंद दिसतात, चमकत नाहीत. तुम्हाला मंद आवडत असेल तर मोतीच घ्या, वाईट नाही ते.

घरात मुलं असतील तर त्यांना नुसती तार देऊ नका, पाईप क्लीनर, म्हणजे मऊ केसाळ काडी, द्या. त्याच्या केसाळपणामुळे मणी घसरत नाहीत, गाठीची गरज नसते. लाल-पांढरे प्लास्टिकचे मणी आलटून पालटून ओवायचे, टोकं दुमडायची आणि वरून काठीच्या मुठीसारखं वाकवायचं. तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी त्याच्या हाताला लागणार नाहीत असेच ठेवा.

सामान मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि भुलेश्वरला मिळतं, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीकडे. बारीक मणी वजनावर घ्या. अकरा नंबरचे एका ग्रॅममध्ये शंभरावर बसतात, त्यामुळे ५० ग्रॅम पुष्कळ झाले. गोल मणी मात्र लडीवर घेतलेले बरे, एका लडीत माप सहसा सारखं असतं. आणि चेंडू करायचे असतील तर ३० च्या हिशेबाने घेताना प्रत्येकी दोन-चार मणी जास्त घ्या, भोक बुजलेला एखादा निघतोच.