आधी आपली अक्षरं शीक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ऑनलाइन ग्राफिक डिझाइन शिकायला लागलीस याचा मनापासून आनंद झाला. पण नोकरी एवढ्यात सोडू नकोस. सर्टिफिकेट बघून फार कमी लोक काम देतात. पोर्टफोलिओ बघतात, आणि त्यात खरोखर छापून आलेली कामं असावी लागतात. ती जमेपर्यंत अकाउंट्सच्या पगारातून घरभाडं निघतंय, म्हणून पडेल त्या भावात काम घ्यायची वेळ तुझ्यावर येत नाही. हे फार मोलाचं आहे.

आता जे सांगायला बसले ते. तुझ्या कोर्समधले टायपोग्राफीचे, म्हणजे अक्षरांच्या मांडणीचे, धडे बहुतेक रोमन अक्षरांवरचे असणार. ते मन लावून कर. पण तुझ्या आसपासची कामं मराठीतली असतील: लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, मसाल्याचं पाकीट. तिथे रोमनचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. ती अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. अडोबीची सॉफ्टवेअर ओळींमध्ये आपोआप अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के अंतर धरतात. मराठीत तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. 140 ते 150 टक्क्यांपासून सुरुवात कर, पुढचं डोळ्यांनी ठरव. आणि इंग्रजी मथळ्यात करतात तशी अक्षरं लांब लांब ठेवू नकोस, शिरोरेषा तुटते.

अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं फुटली किंवा पहिली वेलांटी भलतीकडे गेली, तर लगेच फॉन्टला दोष देऊ नकोस. प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय चालू कर आणि परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिपींची अक्षरं नीट जुळवणारी सोय, निवड. मग ल आणि श बघ. मराठी वळणाचा ल पाकळीचा असतो आणि श देठाचा; 2009 च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत. कित्येक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाची रूपं उमटतात. पुष्कळांच्या हे लक्षातही येत नाही. तुझ्या आलं पाहिजे.

फॉन्ट चोरून वापरू नकोस, तशी गरजही नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. गिऱ्हाईक मजकूर श्रीलिपीतला, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला, देईल. तो युनिकोडमध्ये आणलास की मूळ प्रतीशी शब्दन् शब्द ताडून बघ, रफार हमखास तिथेच बिघडतात.

अक्षररचनाकार कमल शेडगेंनी केलेली नाटकांची शीर्षकं शोधून काढ आणि हातानं गिरव. माऊसनं नको, पेन्सिलनं. अक्षराचं वजन कुठे आहे, पोकळी कुठे सोडली आहे, हे व्हिडिओ बघून कळत नाही. या अभ्यासाला घाई करू नकोस. कोर्स महिनाभर लांबला तरी चालेल.

सुट्टीच्या दिवशी जवळच्या ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन उभी राहा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, कसा मलूल होतो ते तिथे दिसेल. चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेरची जादा छपाई, का सोडायचं, हे कटिंग मशीनपाशी आपोआप समजेल. बारीक मजकूर चार शाईंच्या काळ्यात कधीच देऊ नकोस. छपाई केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. फक्त काळी शाई ठेव. प्रेसमधल्या माणसांना मोकळेपणानं विचार. कामाचं विचारलं की ती आपुलकीनं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

पहिलं काम ओळखीतलं घे, पण फुकट करू नकोस. रक्कम लहान असली तरी निम्मी आगाऊ घे, किती वेळा बदल करून देणार ते लिहून दे आणि छापायच्या आधी मजकुरावर गिऱ्हाइकाची सही घे. नावातली वेलांटी चुकली, तर सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात.

पहिली पत्रिका झाली की मला पोस्टानं पाठव. पीडीएफ नको, छापलेली प्रत हवी. लाल पेन्सिल घेऊन बसेन.

तुझी,
मावशी