वाचक विचारतात: पावसाचा डेटा आणि फुकटचं सॉफ्टवेअर

प्रश्न: ताई, मी एमएस्सीला आहे, पर्यावरणशास्त्र. मुंबईत अतिवृष्टीचे दिवस वाढलेत का यावर प्रोजेक्ट करतेय. कॉलेजात मॅटलॅब (आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर) आहे पण फक्त लॅबच्या मशीनवर, आणि लॅब लवकर बंद होते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर आर नाहीतर पायथन, या मोफत प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एक, टाकते म्हटलं तर सर म्हणाले, फुकटचं सॉफ्टवेअर, व्हायवात एक्स्टर्नलने (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने) विचारलं तर काय सांगशील? खरंच, काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर: सांग की हा घ्या डेटा, हा घ्या कोड, तुमच्या लॅपटॉपवर चालवून बघा. लायसन्स नसलेल्या माणसालाही तुझं गणित तपासता येतं, आणि संशोधनात यापेक्षा भक्कम उत्तर मला तरी माहीत नाही. आर बनवलं ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी, आणि २०१९ला कृष्णविवराचा पहिला फोटो आला ना, त्यामागच्या कामात पायथनचं नमपाय हे पॅकेज, म्हणजे आकडेमोडीच्या तयार कोडचा संच, होतं. त्यामुळे दर्जाची काळजी सोड.

पण सरांची शंका अगदीच फेकून देऊ नकोस हं, कारण फुकट असो की विकतचं, पॅकेज चुकीच्या जागी वापरलं तर उत्तर चुकीचंच येणार. तुझ्याच विषयातलं बघ. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४, एकाच शहरात! आता हवामान खात्याचा ग्रिडेड, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांनुसार काढलेला, डेटा मोफत मिळतो, पायथनमध्ये आयएमडीलिब नावाचं पॅकेज तो सरळ उतरवून देतं, पण त्यातला एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा असतो, कुलाबा आणि सांताक्रूझ त्यात जवळपास एकत्रच येतात आणि स्टेशनांचे, म्हणजे हवामान केंद्रांचे, आकडे मिसळून एक आकडा होतो. मग तुझा कोड त्या दिवशी ९४४ दाखवणार नाही, आणि घाबरून तू कोडमध्ये चूक शोधत बसशील. म्हणून आधी हाच दिवस काढून बघ, फरक का पडतो ते प्रबंधात लिही, आणि शहराच्या आतला फरक दाखवायचा असेल तर स्टेशनचाच डेटा घे. एक्स्टर्नल विचारणार ते हेच, सॉफ्टवेअरची किंमत नाही.

आर की पायथन? आसपासच्या कोणाला जे येतं ते घे, अडकल्यावर कोणीतरी लागतंच. तरी इतका मोठा पाऊस किती वर्षांत एकदा येतो असं मॉडेल बसवायचं असेल तर मी आर म्हणेन, त्यात एक्स्ट्रीम्स नावाचं पॅकेज खास याचसाठी आहे. सरांच्या जुन्या मॅटलॅब फाइल्स असतील तर जीएनयू ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघ, साध्या फाइल्स बहुतेक चालतात, सिम्युलिंकवाल्या (मॅटलॅबमधलं आकृत्यांनी मॉडेल बनवायचं साधन) मात्र नाही.

आणि प्लीज, मूळ डेटा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नकोस. एक्सेल मार्च-१ सारख्या जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं, शेवटी २०२०मध्ये शास्त्रज्ञांनाच अशा जनुकांची नावं बदलावी लागली. मूळ फाइल वेगळी ठेव, सगळी साफसफाई कोडमधूनच कर, आणि आर व पॅकेजांची व्हर्जनं परिशिष्टात दे, सेशनइन्फो ही एक कमांड दिली की यादी मिळते.

प्रश्न: मी ठाण्यात ज्युनियर कॉलेजला शिकवतो. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना ही मोफत सॉफ्टवेअरं कुठून सुरू करून देऊ?
– एक शिक्षक

उत्तर: सर, पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल बघा, छोटे छोटे व्हिडिओ, बऱ्याच विषयांना मराठी आवाज आहे, स्क्रीनवरचं इंग्रजी तेवढं राहतं. तिथलाच फॉसी हा मोफत सॉफ्टवेअरचा प्रकल्प सायलॅब, आर, ओपनफोम अशा वैज्ञानिक आकडेमोडीच्या टूल्सवर काम करतो. मुलांना नुसतं बघायला लावू नका, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर स्वतःचं टायपिंग, तरच हात बसतो. लॅबचं नेट रडतं असेल तर व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.