एक लाइट मंद, दुसरी भगभगीत: आधी न्यूट्रल बघा

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, थ्री फेज कनेक्शन. महिनाभर लाइटी नाचतायत. हँड ग्राइंडर किंवा ऑफिसचा एसी लावला की अर्ध्या शेडच्या लाइटी मंद होतात आणि पलीकडच्या उलट जास्त पेटतात. १० एचपीचा कॉम्प्रेसर सुरू होताना मात्र सगळ्याच क्षणभर डीम होतात. दोन एलईडी आणि कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) उडाला. वायरमन म्हणतो फिटिंग हलक्या आहेत, सगळ्या बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू, नवीन पण उडतील. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि पहिलं खरंच धोक्याचं आहे. एकीकडे मंद आणि त्याच वेळी दुसरीकडे जास्त उजेड, ही न्यूट्रल (तिन्ही फेजची सामाईक परतीची वायर) ढिला झाल्याची खूण. न्यूट्रल नीट असला की प्रत्येक फेजला साधारण २३०-२४० व्होल्ट मिळतात, तो सुटत आला की ज्या फेजवर लोड जास्त तिथलं व्होल्टेज पडतं आणि हलक्या लोडच्या फेजवर चढतं, २८०-३०० पर्यंतसुद्धा जातं, एसएमपीएस त्यानेच गेला असणार. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत एसी, कॉम्प्युटर सगळं बंद ठेवा, प्लीज.

खात्री करायची तर ग्राइंडर चालू असताना वायरमनला मेन पॅनलवर मल्टीमीटरने व्होल्टेज मोजायला सांगा. फेज-टू-फेज तिन्ही रीडिंग ४१५ च्या आसपास, पण फेज-न्यूट्रल एक १९० आणि दुसरं २७० असं आलं तर विषय संपला. मग मेन बंद करून, सप्लाय खरंच गेलाय का ते टेस्ट करून, न्यूट्रल लिंक (न्यूट्रल जोडणारी धातूची पट्टी) आणि बसबारवरचे (पॅनलमधल्या जाड पट्ट्यांवरचे) लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे तुकडे, तपासा. तांब्याच्या बसबारला अॅल्युमिनियमची केबल साध्या लगने जोडलेली असेल तर तो जॉइंट गरम-गार होऊन सैल पडतो, काळा पडतो, असा लग नुसता आवळून भागत नाही, कापून नवीन बायमेटॅलिक (तांबं आणि अॅल्युमिनियम दोन्ही असलेला) लग क्रिंप करायचा, म्हणजे केबलवर दाबून बसवायचा. आणि न्यूट्रलमध्ये कुणी वेगळा फ्यूज टाकला असेल तर तो आजच काढून तिथे लिंक बसवा. गडबड वीज मीटरच्या आधी, कंपनीकडून येणाऱ्या सर्व्हिस लाइनवर निघाली तर सीलला हात लावू नका, वीज कंपनीला लेखी कळवा.

कॉम्प्रेसरचं म्हणाल तर १० एचपीची मोटर चालताना १४-१५ अँपिअर घेते, पण डीओएल स्टार्टरने (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट ओढते. १६ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल ६० मीटर लांब असेल तर तेवढ्यात फेजमागे दहाएक व्होल्ट पडतात आणि ड्रायव्हर (करंट स्थिर ठेवणारं सर्किट) नसलेल्या स्वस्त एलईडीत ते लगेच दिसतं. सेकंदभराचं हे डीम होणं सवयीचं आहे, फार खुपत असेल तर स्टार-डेल्टा स्टार्टर बसवा, तो मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करतो आणि मग डेल्टा जोडणीत चालवतो, त्यात लाइनवरचा स्टार्टिंग करंट एक तृतीयांश होतो, फक्त मोटरची सहाही टोकं बाहेर काढलेली आहेत आणि ती डेल्टात चालणारी आहे ना ते नेमप्लेटवर बघून घ्या.